मापाची सायकल

गेल्या दीड-दोन वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "मॅडम, कितीला पडली?" त्याच्या खालोखाल "ह्याला गेअर हायेत का?" आणि तिसरा, जो फक्त नात्यातल्या बायका विचारतात, तो म्हणजे "पण कशाला?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी उभ्या उभ्या देते. तिसऱ्यासाठी बसून लिहावं लागणार असं कधीपासून वाटत होतं. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, सायकल न्यायची सोय नाही... तर बसलेय लिहायला. नांदेडच्या आत्या, तू चष्मा लावून हे वाचणार आहेस हे माहीत आहे, म्हणून किंमत आधीच सांगून टाकते. एक लाख अठ्ठावीस हजार. हां, आता घोटभर पाणी पी आणि पुढे वाच. :)

माझी उंची चार फूट अकरा इंच. वर्गात फळ्याच्या वरच्या ओळीसाठी मला खुर्ची लागते आणि आठवीतल्या निम्म्या पोरी माझ्यापेक्षा उंच आहेत. याचं मला काही दुःख नाही, पण या उंचीनं आयुष्यभर सायकलीशी माझं जे भांडण लावून दिलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या घरी बाबांची चोवीस इंची अ‍ॅटलस होती. काळी, पाठीमागे कॅरिअर, पुढे दांडी. मी ती कैची मारून शिकले, म्हणजे दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, एका हातानं हँडल धरायचं, दुसऱ्या हाताच्या काखेत सीट, आणि सगळं अंग वाकडं करून अर्धं अर्धं पायडल मारत जायचं. परमेश्वराच्या देवळापासून स्टेशनपर्यंत मी अशी कितीदा गेले असेन! भाऊ दोन वर्षांत दांडीवर आला, मग सीटवर. मी कैचीतच राहिले, आणि नववीत गेल्यावर तेही बंद झालं. (का बंद झालं ते इथल्या बायकांना सांगायची गरज नाही.)

मग एकदम चाळिशी. साखर वाढली, डॉक्टर म्हणाले चाला. चालून कंटाळा आला म्हणून २०१९ साली नांदेडहून गेअरची सायकल आणली. दुकानात होती त्यातली सर्वांत लहान. महिनाभर हौसेनं चालवली. पण दहा किलोमीटर झाले की मान धरायची, वीस झाले की दोन्ही हातांची करंगळी मेलेली. सीट पुढे सरकवून पाहिली, हँडल वर घेऊन पाहिलं. ज्याला विचारावं तो म्हणे, "सवय होईल." मला या वाक्याचा फार राग आहे. सवय होईल, म्हणजे वस्तू आहे तशीच राहणार आणि तुम्ही स्वतःला तिच्याप्रमाणे वाकवून घ्या.

आता बघा, आपण ब्लाऊज शिवतो. अर्धा इंच सैल झाला तर शिंप्याकडे दोन खेटे घालतो. कासार बांगड्या भरताना हात नुसता दाबून पाहतो आणि बरोबर माप काढतो. आणि जिच्यावर तासन् तास बसायचं, जिच्यावर मणका, मान, गुडघे, मनगटं सगळं टांगायचं, ती सायकल मात्र दुकानात असेल ती.

पुण्यात एक जण मापानं सायकली करतो हे मला भाच्याकडून कळलं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला प्रसिद्धीची आवड नाही आणि रांग आधीच लांब आहे. मी फोन केला. मला वाटलं होतं पहिल्यांदा बजेट विचारेल. त्यानं विचारलं, "दुखतं कुठे?" मान, करंगळ्या, कंबर असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "आणि वळताना चप्पल पुढच्या चाकाला लागते का?" मी चाटच पडले. लागायची ना! मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतं.

त्यानं मग जे समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. अशा रस्त्यावरच्या सायकलींचं चाक साधारण अडुसष्ट सेंटिमीटर उंच असतं आणि ते उंच माणसाला आणि बुटक्याला तेच. माणूस लहान झाला की कारखाना मधला सांगाडा लहान करतो, पण पुढचं चाक जवळ आणता येत नाही, आणलं तर पायाला लागतं. मग सीटची नळी उभी कर, पुढचा चिमटा तिरका कर, अशा युक्त्या करून कागदावर सायकल 'लहान' होते. बसणाऱ्याचे हात मात्र ताणलेलेच राहतात. उपाय एकच, चाकच लहान घ्यायचं आणि सगळा सांगाडा नव्यानं आखायचा.

हा शोध काही पुण्यातला नव्हे. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या बाई होत्या, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी घराच्या तळघरात पोलादी नळ्या जोडून सायकली करायला सुरुवात केली, आणि १९८५ साली खास बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनीच काढली. त्यांच्या लहान सायकलींचं पुढचं चाक मागच्यापेक्षा छोटं असे. दिसायला विचित्र, पण बसणारीचे हात पोचायचे. लोक हसले असतीलच. माझ्यावर इथे हसतात तसेच.

तर मापं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक पुस्तक घट्ट वर धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. मी आठवीचं विज्ञानाचं पुस्तक घेतलं. माप आलं सत्तर सेंटिमीटर. याला ०.८८३ नं गुणायचं. म्हणजे ६१.८. पायडल ज्या मधल्या आसावर फिरतं, तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं हे अंतर. हा गुणाकार फ्रान्सचे प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचा शिष्य ग्रेग लमाँड यांच्यामुळे १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाला. हा लमाँड म्हणजे १९८६, १९८९ आणि १९९० असा तीनदा 'टूर द फ्रान्स' जिंकलेला. त्याचं सूत्र हिमायतनगरच्या एका मास्तरणीला लागू पडावं याची मला फार गंमत वाटली. नंतर धड, हात, खांदे, पंजा असं सगळं मोजून पाठवलं. खांद्याचं माप आमच्या ह्यांनी घेतलं, तीनदा घेतलं, तीनदा वेगळं आलं. शेवटी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींना बोलावलं.

पैशांचं म्हणाल तर दोन वर्षं महिन्याला पाच हजारांची आवर्ती ठेव भरली होती. २०२३ च्या दिवाळीत ती हातात आली. त्या वेळच्या भावानं दोन तोळे सोनं आलं असतं. आत्या हेच म्हणाली होती. आणि ती खोटं बोलत नव्हती, सोन्याचा भाव पुढे कुठे गेला ते आपण सगळ्यांनी पाहिलंच. पण आत्या, माझ्याकडे आहेत त्या पाटल्या मी वर्षातून किती दिवस घालते?

२०२४ च्या मेच्या सुट्टीत मी मुद्दाम पुण्याला गेले. नांदेडहून पनवेल गाडी, रात्रभर लातूर-कुर्डुवाडी करत. त्या दिवशी माझ्या सांगाड्याचा पुढचा भाग जोडायचा होता. एवढीशी खोली. भिंतीला कानशी टांगलेल्या, उतरत्या क्रमानं. टेबलावर माझ्या नळ्या. हो, माझ्याच म्हणायच्या आता.

या नळ्या म्हणजे नुसतं लोखंड नाही. पोलादात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं असतं, म्हणून सगळे क्रोमोली म्हणतात. आणि त्या टोकाला जाड, मध्ये पातळ असतात. टोकाला ०.९ मिलिमीटर, मध्ये ०.६. बाहेरून हात फिरवला तर काही कळत नाही, जाडी आतून कमी केलेली. नव्या सुनेची भाकरी कशी कडेला जाड आणि मध्ये पातळ होते, तशी. फरक इतकाच की इथे ते मुद्दाम केलेलं. जोडावर जोर येतो तिथे जाड हवी, मधे उगीच वजन कशाला? बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनं १८९७ साली याचं पेटंट घेतलं होतं. मूळचा त्यांचा धंदा खिळ्यांचा! पुढे ही कंपनी ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहात गेली, त्यानंच मुरुगप्पा घराण्याबरोबर १९४९ साली मद्रासला सायकलींचा कारखाना काढला. आपली हर्क्युलस आणि बीएसए तिथली. म्हणजे माझ्या मैत्रिणींच्या लेडीबर्डचं आणि विलायतेतल्या शर्यतीच्या सायकलींचं लांबचं का होईना, नातं होतं.

त्यानं नळीचं तोंड कानशीनं घासून दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसवलं. प्रकाशासमोर धरलं. पुन्हा घासलं. पुन्हा धरलं. फटीतून उजेड यायचा पूर्ण बंद झाला तेव्हा थांबला. मग ज्योत पेटवली. इथपर्यंत बोलत होता, ज्योत पेटल्यावर गप्प झाला. पितळेची काडी साधारण नऊशे अंशांला वितळते, पोलाद वितळायला चौदाशेच्या वर लागतं. म्हणजे नळी वितळत नाही, फक्त लाल होते, आणि पितळ त्या बारीकशा फटीत आपोआप ओढलं जातं. वात तेल ओढते ना, अगदी तसंच. काडी एका बाजूनं लावली आणि सोनेरी रेघ फिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. मी इतकी वर्षं केशाकर्षण शिकवते. इतकं सुंदर कधी दिसलं नव्हतं.

जुलैत सायकल आली. खोका उघडायला गल्लीतली सगळी पोरं. रंग मी विटकरी सांगितला होता, हँडल खाली वळलेलं. त्यावर लगेच निकाल लागला, "मेंढ्याच्या शिंगावानी हाय." सगळं मिळून वजन ९.८ किलो. बाबांची अ‍ॅटलस याच्या दुप्पट तरी असेल.

पहिल्यांदा बसले तेव्हा काय वाटलं हे सांगायला मला नीट जमणार नाही. काहीच वाटलं नाही, हेच खरं उत्तर आहे. मान आठवली नाही, हात आठवले नाहीत. भोकरच्या रस्त्यानं निघाले. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी पऱ्हाटी, सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. बारा किलोमीटरवर थांबून पाणी प्यायले आणि तेव्हा लक्षात आलं की आपण अजून 'सवय करून घेत' नाही आहोत.

पोलाद मऊ असतं, चेंगट असतं, असं काही लोक म्हणतात. कार्बनच्या सायकलवाल्यांना म्हणू द्या. आमच्याकडच्या रस्त्याला दोन किलोमीटर सिमेंट, मग खड्डे, मग खडी, मग पुन्हा सिमेंट अशी रीत आहे. तिथे माझे अडतीस मिलिमीटरचे टायर आणि या पातळ नळ्या मिळून जो धक्का खातात तो मी खात नाही, एवढं मला कळतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला असा लिंपतो की सायकल बैलगाडीसारखी जड होते, म्हणून चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये जास्त जागा सोडायला मी आधीच सांगितलं होतं. पुण्याच्या माणसाला ते पटवायला मला चिखलाचा फोटो पाठवावा लागला. आणि बाभळीचे काटे! त्यावर मात्र कुणाकडेच उपाय नाही. दोन ट्यूब जवळ ठेवायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं.

हिवाळ्यात दोनदा सहस्रकुंडाला जाऊन आले. इस्लापूरकडून गेलं की रस्ता चढउताराचा होतो, सागाची झाडं लागतात. पैनगंगेचं पाणी काळ्या खडकावरून खाली पडतं, पलीकडे विदर्भ. तिथे एक म्हातारे शेतकरी भेटले. सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालून त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "बैलजोडी आली असती की वं." मग थोडा वेळ पाण्याकडे बघून म्हणाले, "पण बैलाला वैरण लागती." हा मला आतापर्यंत मिळालेला सर्वांत समजूतदार प्रतिसाद.

आता चाचांबद्दल. आमच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं त्यांचं जुनं दुकान आहे. गेल्या वर्षी माझी सायकल जीपच्या टपावरून उतरवताना पडली आणि मागचं गेअर ज्या पोलादी कानाला लटकतं तो कान आत वाकला. पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "तुमच्या गावात जुना मिस्त्री आहे ना? त्याला द्या. पोलाद आहे, सरळ होईल. अ‍ॅल्युमिनिअम असतं तर मीच नको म्हणालो असतो." चाचांनी सायकल हातात घेतली आणि वाकलेल्या भागाकडे बघितलंच नाही. अंगठ्यानं एक एक जोड चाचपत गेले. "मॅडम, ये कंपनी का माल नै है. ये हाथ का काम है. अंदर पीतल है." मी हो म्हटलं. जुन्या काळ्या सायकलींचे जोडही पितळेचेच असायचे, त्यांनी तुटलेले कितीतरी परत जोडलेत. मग मोठ्या पान्यानं हळूहळू, मधे मधे एक डोळा मिटून बघत, कान सरळ केला. पैसे विचारले तर म्हणाले, वीस रुपये. मी पन्नास दिले, तीस परत आले.

आणि आता जे सांगायचं होतं ते. माझी शाळा नऊ किलोमीटरवरच्या गावात आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा मी सायकलवर जाते. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून मुली येतात, त्यांतल्या बऱ्याच जणींना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेली आहे. या सायकलींनी किती मुलींची शाळा टिकली हे आम्ही शिक्षक डोळ्यांनी पाहतो, त्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण सायकल एकाच मापाची. आठवीतली टिचभर पोरगी आणि बारावीत जाईपर्यंत ताडमाड होणारी पोरगी, दोघींना तीच. उंच मुली गुडघे हनुवटीला लावून चालवतात, कारण सीट दुकानातून आली तशी खाली बसलेली. एका शनिवारी मी पाना घेऊन गेले. टाच पायडलवर ठेव, पायडल पार खाली ने, पाय सरळ झाला पाहिजे, मग पंज्यानं चालवताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. लमाँडचा गुणाकार करायला नको, टाचेनं काम भागतं. एका सकाळी एकोणीस सायकली झाल्या. एक मुलगी मैदानाला चक्कर मारून आली आणि म्हणाली, "मॅडम, सायकल हलकी झाली."

उंच मुलींचं सोपं होतं. एक आठवीतली मात्र माझ्याहूनही बुटकी. तांड्यावरून चार किलोमीटर येते. सीट पार खाली असूनही तिचा पाय पुरायचा नाही. ती एकदा डावीकडे कलायची, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक कलण्याबरोबर सायकल रस्त्याच्या मध्ये जायची. त्या रस्त्यावरून ऊसाचे ट्रॅक्टर जातात. मी तिच्या मागून दोन शनिवार सायकल चालवली आणि दोन्ही वेळा मला घाम फुटला. तिची आई म्हणाली, "सवय व्हईल, मॅडम."

मी ती सायकल चाचांकडे नेली. माझ्या सायकलीला पायडलचा दांडा नेहमीपेक्षा आखूड लावलाय, हे मला पुण्यात समजावून सांगितलं होतं. दांडा आखूड झाला की खाली गेलेलं पायडल तेवढंच वर येतं, म्हणजे पाय तेवढा पुरतो. चाचांना सांगितलं, त्यांनी दोन मिनिटं विडी विझवून ठेवली आणि विचार केला. मग दुकानाच्या मागून एका लहान पोरांच्या सायकलीचे दांडे काढून आणले, जुने, गंजलेले. कॉटर ठोकून आधीचे काढले, हे बसवले. अडीच सेंटिमीटर मिळाले. त्याबरोबर पुढचं चक्रही लहान आलं, म्हणजे तांड्याच्या चढावर सोपं जाणार. स्प्रिंगची उंच सीट काढून चपटी लावली, तिथे आणखी चार. चेन कापून जोडली. साडेसहा सेंटिमीटर, आणि खर्च एकशे ऐंशी रुपये.

ती सोमवारी आली तेव्हा सरळ येत होती. मी शाळेच्या ओट्यावरून पाहिलं, हजेरीचं रजिस्टर हातात तसंच. तिला यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. सायकल भिंतीला लावली, दप्तर काढलं, आणि गृहपाठ झाला नाही हे सांगायला माझ्याकडे आली.

तिचे मूळचे दांडे चाचांच्या दुकानात तारेनं टांगलेले आहेत. वर खडूनं तिचं नाव. वर्षभरात ती वाढेल तेव्हा परत लावायचे आहेत. परवा गेले तेव्हा त्या तारेवर आणखी दोन जोड होते. एक आमच्या शाळेतल्या मुलीचा, दुसरा कुणाचा ते चाचांनाही आठवेना.